ज्येष्ठमधाचा डबा

धोंडुबाईला पाणी द्यायचं म्हणून मी आत आलो. माठातनं तांब्या भरला, आणि फळीवरचा ज्येष्ठमधाचा डबा जरा पुढं आला होता तो मागं सारावा म्हणून त्याला हात लावला, तर तो बोटाच्या धक्क्यानं मागं गेला. जायला नको होता. पंधरा दिवसांपूर्वीच मी त्यात पावशेर पूड भरली होती, दाबून, झाकण बसेना म्हणून वरनं मूठ मारून. मी तांब्या खाली ठेवला आणि झाकण काढलं. डबा निम्मा झाला होता. मी त्यातनं आठवड्याला सात चिमट्या काढतो, त्याही एकाच माणसासाठी, आणि सात चिमट्यांनी डब्याला काही होत नाही. आत एका बाजूला चमच्यानं उकरल्यासारखा खळगा होता आणि कडेला सांडलेली पूड बोटानं पुन्हा आत लोटून सारखी केलेली होती. पहिला विचार उंदराचा आला. मुंबईच्या प्रयोगशाळेत दोन महिने पांढऱ्या उंदरांच्या संगतीत काढल्यापासून घरात काही बिघडलं की मला आधी उंदीरच आठवतात. पण उंदीर झाकण परत लावत नाही. मी डबा हातात धरून तसाच उभा राहिलो. बाहेर पायरीवर धोंडुबाई खाकरली, आणि तरीही मला तांब्या उचलावासा वाटेना.

खरं तर आजचा दिवस माझ्या विजयाचा होता. गडहिंग्लजकडची ही धोंडुबाई तीन दिवस माझ्या पायरीवर बसून होती. रात्री ती मंगळवार पेठेतच कुणा भाचीकडं जायची आणि उजाडलं की बोचकं घेऊन परत हजर. तिच्या नवऱ्याला गालात आतून कॅन्सर. मिरजेच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, जबड्याचा तुकडा काढावा लागेल पण माणूस राहील, आणि येत्या सोमवारची तारीखही दिली होती. ती तारीख बाजूला ठेवून बाई माझ्याकडं आली होती, कारण तिच्या मालकांना तोंड कापून घ्यायचं नव्हतं आणि कोल्हापुरात एक मास्तर झाडाच्या सालीनं कॅन्सर बरा करतो असं कुणीतरी तिला एसटीत सांगितलं होतं. तो मास्तर मी. नेमिनाथ मगदूम, कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर. “बाई, माझ्याकडं औषध नाही,” मी पहिल्या दिवशी म्हणालो. “व्हय, व्हय,” ती म्हणाली आणि पदर सावरून नीट मांडी घालून बसली. दुसऱ्या दिवशी मी ओरडलो. तेव्हाही व्हय, व्हय. आज संध्याकाळी मात्र मी थकलो, तिच्या शेजारी पायरीवर बसलो, आणि मला स्वतःलाच ऐकू येईल इतक्या बारीक आवाजात म्हणालो, “हे बघा, माझ्या सख्ख्या माणसाला झाला, तरी मी ह्यातलं काही देणार नाही. मिरजेलाच नेईन.” तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं. “सख्ख्या माणसाला बी न्हाय?” “नाही.” “मग खरं म्हणायचं,” ती म्हणाली आणि बोचक्याची गाठ आवळली. “पाणी तेवढं द्या, पावणं. साडेसातची गाडी गावती का बघतो.” गेल्या आठ महिन्यांत माझ्यावर विश्वास ठेवणारं हे पहिलं माणूस. मी आत आलो तो जवळजवळ तरंगत आलो.

आठ महिने. त्याच्या आधी मला कोण ओळखत होतं? आमचे सर आणि मी राधानगरीच्या रानातनं नरक्याची साल आणायचो, पोत्यानं. नरक्या म्हणजे घाटावरचं एक झाड. त्याला नाव पडलं ते वासावरनं, आणि नाव ठेवणाऱ्यानं अजिबात अतिशयोक्ती केलेली नाही. तो वास कपड्यात बसतो, केसात बसतो, जेवताना बोटांतनं परत वर येतो. माझी बायको अरुणा मला अंगणात कपडे उतरवायला लावायची. त्या सालीत एक पिवळट द्रव्य असतं. ते आम्ही स्पिरिटमध्ये उकळून, गाळून, आटवून काढायचो. आठ किलो सालीतनं नखभर निघायचं आणि त्या नखभराकडं मी तासन्तास बघत बसायचो. ते मुंबईला पाठवलं, मागोमाग मलाही पाठवलं. तिथं उंदरांच्या रक्ताचा कॅन्सर त्यानं थोपवला. हे खरं. मी डोळ्यांनी बघितलं. आणि त्यातले कितीतरी उंदीर कॅन्सरनं नाही तर हगवणीनं मेले, शेपटीपर्यंत रक्तानं भरून मेले, हेही मी डोळ्यांनीच बघितलं. परदेशात हेच द्रव्य माणसांना देऊन पाहिलं होतं. त्यांच्या लघवीतनं रक्त यायला लागलं म्हणून ते थांबवलं. हे सगळं मी परत आल्यावर कुणा पत्रकाराला चहा पिता पिता सांगितलं. त्यातलं फक्त पहिलं वाक्य छापून आलं, चार ओळीत, माझ्या नावासकट, उसाच्या दराच्या बातमीखाली. सरांना दुःख झालं ते त्यांचं नाव नव्हतं म्हणून. मी हसलो. मला वाटलं, चार ओळी कोण वाचतो?

तिसऱ्या दिवशी पायरीवर तिघं होते. आठवड्यात अकरा. मी प्रत्येकाला खरं तेच सांगत होतो, आणि खरं सांगण्याचा असा परिणाम मी जन्मात कधी बघितला नव्हता. मी म्हणायचो, माझ्याकडं औषध नाही, आणि त्यांच्या डोळ्यांत समाधान पसरायचं. मी पैसे घेत नाही म्हटलं की ते एकमेकांकडं बघून मान हलवायचे. शेवटी एक म्हातारा दुसऱ्याला हळूच म्हणाला, “तीनदा न्हाय म्हणत्यात. बसा गप.” तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्या भागात कावीळ उतरवणारा, विंचू उतरवणारा, झाडपाला देणारा जो कुणी असतो, त्याची रीतच ही. माझी थोरली बहीण आक्काताई, तिचे सासरे गावात काविळीचं औषध द्यायचे. लहानपणी तिच्याबरोबर त्यांच्या घरी गेलो की मी बघत बसायचो. कुणी दारात आलं की म्हातारा म्हणणार, “माज्याकडं काय न्हाय, उगंच आलासा.” तीनदा म्हणणार. पैसा शिवणार नाही. झाडाचं नाव सांगणार नाही. नाव सांगितलं की गुण जातो. आणि कुणी फारच खोदून विचारलं तर भलत्याच झाडाचं नाव सांगून मोकळा. एवढं झालं की मग आत जाऊन मूठ झाकून काहीतरी आणणार. माझं प्रत्येक खरं वाक्य त्या रीतीत असं चपखल बसत होतं की मी मुद्दाम ठरवून ढोंग करायला बसलो असतो तरी इतकं जमलं नसतं. मी ‘नाही’ म्हणत होतो तेच माझं सर्टिफिकेट होतं. ‘आहे’ म्हणालो असतो तर कदाचित लोक भोंदू म्हणून उठून गेले असते. रात्री अंथरुणावर पडलं की मला सिनेमातल्यासारखं काही वाटायचं नाही, फक्त छातीवर कुणीतरी मांडी घालून नीट बसल्यासारखं वाटायचं. अरुणानं महिनाभर हे सहन केलं. मग ती पोराला घेऊन माहेरी गेली. “पायरी मोकळी झाली की कळवा,” एवढंच म्हणाली. मी आणि आक्का राहिलो, आणि नरक्याचा वास.

आणि तरी मी कुणालाही काही दिलं नव्हतं. दिलदारपर्यंत. दिलदार पिंजारी आमच्या बोळाच्या तोंडाशी राहतो. शाळेत आम्ही एका बाकावर होतो. त्याच्या भुवयांत बारा महिने कापूस असतो आणि आमच्या घरातल्या सगळ्या गाद्या त्याच्या हातच्या आहेत. मी ज्या गादीवर झोप येत नाही म्हणून तळमळतो तीसुद्धा. त्याच्या बायकोच्या, जुलेखाच्या छातीत गाठ निघाली होती. मिरजेला विजेचा शेक चालू होता, पंचवीस दिवस घ्यायचा, रोज सकाळच्या गाडीनं जायचं आणि दुपारी परत. नऊ झाले होते. कातडी जळून काळी पडली होती, घशाखाली घास उतरत नव्हता. “नेम्या, तू साऱ्या दुनियेला न्हाय म्हण,” दिलदार म्हणाला. “मला म्हणू नगंस.” मी त्याला बसवून सगळं सांगितलं, उंदीर, रक्त, सगळं. तो ऐकत होता आणि त्याच्या डोळ्यांतनं पाणी गळत होतं आणि भुवईतला कापूस भिजत होता. इतका मोठा माणूस माझ्यासमोर रडतोय हे मला बघवेना. खरं सांगायचं तर त्याच्यासाठी नाही, मला स्वतःला सुटायचं होतं तिथून. मी आत आलो. माझ्या घशासाठी आणलेलं ज्येष्ठमध होतं घरात, वर्गात बडबडून घसा बसतो म्हणून. त्याची पुडी बांधली. निरुपद्रवी, गोड, जळलेल्या घशाला थोडं बरंही वाटेल. वैद्य कुठला नाही मी, डॉक्टर नाही. मी सुटका बांधून दिली कागदात. दिलदारनं पुडी कपाळाला लावली. त्या वेळी आक्का उंबऱ्यात उभी होती आणि माझ्या तोंडाकडं बघत होती.

आठ दिवसांनी सकाळी दहा वाजता मला दिलदारच्या पिंजणाचा आवाज ऐकू आला. ती कापूस पिंजायची तात, तिचा तो घुमारा, लहानपणापासून कानात बसलेला. मी प्रयोगशाळेत जायला निघालो होतो. बोळ ओलांडला, आणि मग पाय थांबले. सकाळी दहा वाजता दिलदार मिरजेत असायला हवा. मी मागं फिरलो. जुलेखा दारात बसून सरकी निवडत होती, दिलदार खुशीत होता. “बंद केलं की ते शेकाचं,” तो म्हणाला. “तुजी पुडी चालू हाय, मग जळून कशाला घ्यायचं?” मला त्या क्षणी काय वाटलं ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. त्या कापसात तोंड खुपसावं आणि श्वास घेऊ नये असं वाटलं. खरं सांगणं व्यर्थ होतं, ते मी आधीच सांगून बसलो होतो. आणि मग माझ्या तोंडातनं शब्द निघाले आणि ते मी दुसऱ्या कुणाचे ऐकावेत तसे ऐकले. “पुडी नुसती चालत नाही. पथ्य आहे. शेक घेऊन आल्यावर, दिवस मावळायच्या आत घ्यायची. शेकाशिवाय घेतली तर उलटते.” दिलदारनं कपाळावर हात मारला. “आदी सांगायचं न्हाईस व्हय!” दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती दोघं मिरजेला गेली. राहिलेले सगळे शेक झाले. दिवाळीला जुलेखा बोळात हिंडायला लागली, गाठ विरली, मिरजेचे डॉक्टर खूश झाले, आणि दिलदारनं दर्ग्यात चादर चढवली, जोतिबाला नारळ फोडला आणि माझ्यासाठी एक नवी उशी शिवून आणली. मिरजेचं नाव त्यानं कुठं घेतलं नाही. मी मात्र मनातल्या मनात माझी पाठ थोपटली. एका खोट्यानं दुसरं खोटं कापून काढलं आणि माणूस वाचला, असं मला वाटलं. त्यानंतर मी दुसऱ्या कुणाला पुडी दिली नाही. जुलेखाची तेवढी चालू ठेवली, कारण ती बंद केली असती तर ती मिरजेला तपासणीलाही गेली नसती. तिच्या एकटीसाठी हा डबा. आणि तो निम्मा झाला होता.

मी खळग्याकडं बघत होतो. चमचा. आमच्या घरात चमचे दोन. एक माझा, चहाचा. दुसरा आक्काच्या औषधाच्या बाटलीबरोबर आलेला, कडेला चपटा. खळग्याची एक कड चपटी होती. मी ते बघितलं आणि लगेच झाकण लावलं, झाकण लावल्यानं काही होणार असल्यासारखं. घरात आम्ही दोघंच होतो. हे मला डबा हलका लागला त्याच क्षणी ठाऊक झालं असणार, उंदीर मी उगाच मध्ये आणला. दिवाळीनंतरची एक संध्याकाळ आठवली. आक्का तांदूळ निवडत होती, मी सहामाहीचे पेपर तपासत होतो. “नेमू,” ती म्हणाली, “त्या जुलेखाच्या जागी दुसऱ्या कुठल्या बाईला तसं झालं, तर ह्योच पूड लागू पडंल?” मी एका पोराच्या चुकलेल्या समीकरणावर लाल रेघ ओढत होतो. “हूं,” मी म्हणालो. एवढंच. हूं. साऱ्या जगाला घसा फोडून नाही म्हणत होतो, आणि घरात, मान वर न करता, हूं. मग संक्रांतीच्या सुमाराला तिनं परसातली कपडे वाळत घालायची दोरी खाली घ्यायला सांगितली होती. “हात पुरंना,” म्हणाली. मी स्टुलावर चढून दोरी हातभर खाली बांधली आणि वर विनोद केला, “म्हातारी झालीस आक्का, आखडायला लागलीस.” ती हसली. ती पदर दोन्ही खांद्यांवरनं घ्यायला लागली होती. भाकरी थापायची ती एका हातानं, दुसरा अंगाशी. आणि घरातला तो वास, जो मी नुसता माझा, नरक्याचा, म्हणून धरून चाललो होतो. पावसाळ्यानंतर आम्ही साल आणलीच नव्हती. पोती केव्हाच संपली होती.

आक्का परसातनं आत आली. उजव्या हातावर वाळलेली धुणी होती. माझ्या हातातला डबा तिनं बघितला, मग मला बघितलं, आणि धुणी सावकाश खाटेवर ठेवली. ती माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी. मी सहा महिन्यांचा असताना आई गेली. विशीच्या आत विधवा होऊन आक्का परत आली ती माझ्यासाठीच आल्यासारखी आली. तिनं मला भरवलं, न्हाऊ घातलं, मारलं, शिकवलं. मी शाळेत खोटं बोललो तर तिला माझ्या कानांच्या रंगावरनं कळायचं.

“घावला व्हय,” ती म्हणाली.

“किती दिवस झाले, आक्का?”

“दिवाळीच्या आदीपास्नं हाय. आदी हरभऱ्याएवढी हुती.” तिनं डाव्या बाजूला पदरावरनं हात ठेवला, चूल फार पेटलीय का बघावं तसा, जरा लांबनंच. “आता फुटलीया. वल असती. बस्तीत देवदर्शनाला गेलं तरी मी मागं, खांबाजवळ बसतो आताशा. लोकास्नी वास येत असंल.”

“मला सांगायचं नाहीस?”

“तुला काय सांगायचं? त्या दिलदारला पुडी दिलीस तवा तुजं तोंड मी बघितलंय. जीव काढून दिल्यावानी झालतं. तुला द्याय लागतंय आनि द्याय लई जड जातंय. म्हटलं, आपण घरचं माणूस, घ्यावं आपल्या हातानं. तेवढाच तुला त्रास न्हाय.”

“आक्का,” मी म्हणालो, “ते ज्येष्ठमध आहे. नुसतं ज्येष्ठमध, बाजारातलं. त्यात काही नाही. जुलेखा मिरजेच्या शेकानं बरी झाली.”

ती हसली. आठ महिने पायरीवर बघत होतो तेच हसू, पण हिच्या तोंडावर ते बघवेना. “व्हय रं बाबा. मामंजी बी कुणी लई खोदून इचारलं की एरंडाचं नाव सांगायचं. तू ज्येष्ठमधाचं सांग. बरं हाय की.”

“चव तरी बघ! ज्येष्ठमध तुला ओळखत नाही? मला खोकला झाला की तूच चघळायला द्यायचीस.”

“ग्वाडच हाय,” ती म्हणाली, मला समजावल्यासारखं. “आत काय हाय त्ये कळू नये म्हणून ग्वाड केलंयस, एवढं कळतंय मला.”

मी सगळं बोललो. उंदरांचं बोललो, त्यांच्या शेपट्यांचं बोललो, वर्तमानपत्रातल्या चार ओळींचं बोललो, हात जोडले, त्या ‘हूं’बद्दल माफी मागितली. बोलता बोलता मला दिसत होतं की माझा प्रत्येक शब्द आत जातोय आणि तिकडं दुसराच होऊन बसतोय. जिनं मला बोलायला शिकवलं तिला माझं बोलणं पोचत नव्हतं. ती माझ्या कानांकडं बघत होती. कान लाल झाले असणार, मला जाणवत होते गरम झालेले, आणि ती त्यावरनं आपला अर्थ काढत होती.

“येक हाय,” ती म्हणाली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज खाली गेला. “गुण आला न्हाय मला. आदी चिमूट घेत हुतो, मग चमचा घेतला, तरी न्हाय. त्ये माजंच चुकलं. चोरून घेतलं. औषधाला काय नसतंय नेमू, हाताला गुण असतोय. आज तुज्या हातनं दे.” तिनं खिडकीकडं बघितलं. समोरच्या कौलांवर ऊन तांबडं होऊन टोकाला गेलं होतं. दिवस मावळला की आक्का पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही; तीस वर्षांचा नेम आहे तिचा. “दिवस बुडायच्या आत दे.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं आपण सहज म्हणतो. मी त्या अर्ध्या मिनिटात ते शब्द अंगावर भोगले. दिलं नाही, तर ती म्हणणार, भाऊ सगळ्या जगाचं बघतो, माझ्यासाठी हात पुढं होत नाही. आणि मग मिरज कुठली, ती जागची हलणार नाही, खांबाजवळ बसून संपून जाईल, माझ्यावर न रागावता. मला तिचं न रागावणंच नको होतं. आणि दिलं, तर. दोन महिन्यांपूर्वी दिलं असतं, चार महिन्यांपूर्वी मान वर करून बघितलं असतं, तर मिरजेला तिच्यासाठी काहीतरी असतं. आता फुटलेल्या गाठीला ते काय म्हणतील ते मला माहीत होतं आणि ते मला माहीत नसावं असं वाटत होतं. पण नेलंच पाहिजे होतं. न्यायची वाट एकच होती आणि ती माझ्या हातातल्या डब्यातनं जात होती.

“मिरजेला यावं लागेल,” मी म्हणालो. मला माझा आवाज ओळखीचा वाटला. तो तिच्या सासऱ्यांचा होता. “उद्या सकाळच्या गाडीनं. डॉक्टर सांगतील ते सगळं करायचं. त्याच्याशिवाय हे उलटतं.”

“पथ्य हाय व्हय?” तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. “आदी सांगायचं न्हाईस व्हय!”

तिनं तळहात पुढं केला. चिरा पडलेला, भाकरीच्या चटक्यांचा, मला भरवलेला हात. मी झाकण काढलं, तीन बोटांत पूड घेतली आणि तिच्या तळव्यावर ठेवली. तिनं डोळे मिटले, काहीतरी पुटपुटली आणि जिभेनं ती टिपून घेतली, सगळी, कण न ठेवता. मग हात पदराला पुसून माझ्या डोक्यावरनं फिरवला. मला रडायला आलं आणि मी रडलो, लहानपणी रडायचो तसा, आवाज करून.

दाराशी काहीतरी हललं. धोंडुबाई उंबऱ्यात उभी होती. पाण्यासाठी आली असणार. तांब्या अजून माठाजवळ होता, भरलेला. ती केव्हापासून उभी होती ते मी तिच्या तोंडावर शोधलं. तिनं आधी आक्काकडं बघितलं, आक्कानं छातीशी धरलेल्या हाताकडं बघितलं, मग माझ्या हातातल्या डब्याकडं.

“सख्ख्या बहिणीला दिली की,” ती म्हणाली. मला नव्हे, स्वतःलाच.

“बाई,” मी म्हणालो, “ते ज्येष्ठमध आहे.”

“व्हय, व्हय.”

तिनं काखेतलं बोचकं खाली ठेवलं. साडेसातच्या गाडीला अजून वेळ होता, पण आता ती कुठं जाणार नव्हती. ती उंबऱ्याच्या आत आली, तांब्या उचलून वरनं पाणी प्याली, तोंड पुसलं आणि भिंतीला टेकून नीट मांडी घालून बसली. आक्कानं तिच्याखाली सरकवायला पोतं दिलं. बोळाच्या तोंडाशी दिलदारनं दिवसाचं शेवटचं पिंजण सुरू केलं होतं.

“आता पथ्य सांगा, पावणं,” धोंडुबाई म्हणाली. “मालकास्नी काय बी पाळाय लावतो.”

सोमवारला अजून पाच दिवस होते. मी डोळे पुसले, डबा मांडीवर घेतला आणि पथ्य सांगायला लागलो.